मोटर ओळखणाऱ्याला स्क्रीनने गंडवलं

बस इथे. आधी तो फोन खाली ठेव. दिवाळीपासून ट्रेडमिल ‘बघतोयस’ तू, आता होळी आली. बघून वजन उतरतं का रे?

आणि शेवटी पसंत काय केलंस? “सर, ४ हॉर्सपॉवर पीक, ब्लूटूथ, मोठी स्क्रीन!” लाज नाही वाटत? आजोबांपासून घरात माग आहेत. भिवंडीत शेड चालवतोस. मागाची मोटर घेताना कुणी ‘क्षणभर ४ हॉर्सपॉवर देते’ म्हणाला असता, तर त्याच्याच दुकानात त्याला झाडला असतास. बारा तासांच्या पाळीत सलग किती ओढते, तेवढंच विचारलं असतंस. मग इथे का दातखीळ बसली? १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, हे तुझ्याकडून घोकून घेतलंय मी. ४ म्हणजे जवळजवळ ३००० वॅट. आणि लावणार कुठे, तर बेडरूममधल्या ६ अँपिअरच्या सॉकेटला! तिथून १४०० वॅटसुद्धा धड मिळत नाहीत. कर हिशेब. कर ना!

पट्टा मोजलास? नाही. चालायला १२० सेंटिमीटर लांबी चालेल, धावायचं तर १४०च्या खाली जाऊ नकोस. तुझं वजन ९६, मशीनची मर्यादा १००. इतकं काठावर कुणी घेतं? शिवाय अधूनमधून पट्ट्याखाली सिलिकॉन तेल सोडावं लागतं. मागाला तेल द्यायला माणूस आहे, इथे स्वतः वाकावं लागेल. येतं का वाकता?

“बाहेर चालायला जागाच नाही, सर.” कल्याण नाक्यापुरतं खरं आहे. त्या ट्रकांच्या धुरात मीही कुणाला पाठवणार नाही. पण वऱ्हाळादेवी तलाव कुणी उचलून नेला काय? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं सांगते. रोजची पंचवीससुद्धा पडत नाहीत. चहाच्या टपरीवर किती उभा असतोस, ते तुझं तूच मोज.

मशीन आलं की सुरू करतो म्हणे! ते येऊच नये, असंच वाटतंय तुला. आलं तर चालावं लागेल ना! १८१८च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंजिनिअरने इंग्लंडच्या तुरुंगांसाठी पायचक्की काढली. कैदी बिचारे तासन्तास पायऱ्या चढत. तू पदरचे पैसे मोजून तीच शिक्षा विकत घेणार, आणि भोगणार मात्र नाहीस. वर तिच्यावर टॉवेल वाळत घालशील.

ऊठ. टेप घे, खोली मोज. पट्ट्यामागे दोन मीटर मोकळी जागा हवी, मागे भिंत आली तर पडल्यावर कपाळमोक्ष. वायरमनकडून १६ अँपिअरचा पॉइंट काढून घे, अर्थिंगसकट. घरात लहान पोर आहे, सेफ्टी की काढून वर ठेवायची. मग दुकानात जा, बूट घालून वीस मिनिटं त्यावर चाल आणि मोटरचा आवाज ऐक. शेडच्या दारातून कुठला माग बिघडलाय ते ओळखतोस, तुला काय सांगायचं!

आणि उद्या सहाला तलावावर ये. ‘बघतो’ म्हणालास तर याद राख.