पुरवणारा कोण?

गेल्या वर्षावासात विहारातील वंदना आटोपल्यावर एका उपासिकेने मला बाजूला घेतले आणि विचारले, "सर, माझी मावसबहीण ख्रिस्ती आहे. घरात अडचण आली की ती म्हणते, प्रभू पुरवील, अन् निवांत झोपते. आम्ही दीक्षा घेतली, देव्हारा उतरवला. आता संकटात भरवसा ठेवायचा तरी कुणावर?" थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "मालक दवाखान्यात होते तेव्हा बहिणीच्या चर्चमधली माणसं आठ दिवस डबा घेऊन आली. आपलं कुणी आलं नाही."

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकलो असतो. शेवटच्या वाक्याने मात्र मी निरुत्तर झालो, कारण मीही त्याच विहारात बसणारा.

आपल्या मराठवाड्यात ख्रिस्ती नातेवाईक असलेली बौद्ध घरे थोडीथोडकी नाहीत. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली. आपल्याच पूर्वास्पृश्य समाजातील अनेक कुटुंबांनी ती वाट धरली. तेव्हा त्यांच्या श्रद्धेची टवाळी न करता ती आधी समजून घेतली पाहिजे. पाखरांना आणि रानफुलांना सांभाळणारा देव आपल्यालाही सांभाळील, योग्य वाट दाखवील, म्हणून उद्याची चिंता करू नये, अशी ती श्रद्धा आहे.

महाराष्ट्रात या श्रद्धेचे ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थे करीत, पुराणे सांगत हिंडले. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि देवांना प्रसन्न करण्यात संपले. विद्येच्या आणि जातीच्या अभिमानापायी मोलमजुरीही करवेना, हे रमाबाईंनीच पुढे प्रांजळपणे सांगितले आहे. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. जुन्या देवांवरचा रमाबाईंचा विश्वास तेव्हापासून ढासळत गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळग्रस्तांचीही त्यात भर पडली. ब्रिस्टल येथे प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये चालवणारे जॉर्ज मुल्लर यांचा आदर्श रमाबाईंपुढे होता. देव पुरवील, अशी त्यांची खात्री होती.

पण केडगावला प्रत्यक्षात काय घडले? विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, मुलींनी छापखान्यात खिळे जुळवले. देशोदेशींच्या माणसांनी पैसे पाठवले. वडिलांच्या भरवशाने घर उपासतापासाकडे नेले, मुलीचा भरवसा तिला विहीर खणण्याकडे घेऊन गेला. त्या बाईच्या कार्यापुढे आपण आदराने मान लववली पाहिजे.

तरीही एक प्रश्न उरतोच. केडगावला पुरवणारा देव असेल, तर त्याच दुष्काळात गावोगावी मेलेल्या असंख्य माणसांना कोणी पुरवले नाही? त्यांची श्रद्धा उणी होती म्हणावे, तर मेलेल्याच्याच माथी दोष येतो. देवाची इच्छा अगाध आहे म्हणावे, तर विचारच खुंटतो. तथागतांचा कार्यकारणभाव इथे निराळे प्रश्न विचारतो. पाऊस पडला नाही हे खरे, पण धान्य कुठे होते? ते विकत घेण्यापुरती मजुरी गरिबाच्या हाती का नव्हती? कारण हाती आले की उपायही हाती येतो.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील बायामाणसे खडी फोडायला आणि तलावांच्या कामावर गेली. त्या अनुभवातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडवलेल्या राज्यघटनेचे कलम ४१ राज्याला सांगते की, आपल्या आर्थिक कुवतीनुसार कामाच्या व शिक्षणाच्या हक्काची आणि बेकारी, वार्धक्य व आजारपणात मदतीची तरतूद करावी. कृपेने मिळणारे पोट हक्काने भरावे, हीच ती दिशा आहे.

मग संकटात हात कुणाचा धरायचा? विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता. तो कुणाच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणी फिरकले नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्याला न्हाऊ घातले आणि उचलून खाटेवर निजवले. मग भिक्खूंना गोळा करून त्यांनी समज दिली की, तुमची शुश्रूषा करायला इथे आईबाप नाहीत; तुम्हीच एकमेकांची केली नाही तर कोण करील? तिथे प्रार्थनेने आजार हटला नाही. पाणी आणि दोन माणसांचे हात कामी आले.

तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत, हे बाबासाहेबांनी आपल्याला समजावून सांगितले. पण निकालाच्या दिवशी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे पास होण्यासाठी हात जोडणारी मुले मी माझ्या वर्गात पाहतो. तसबीर बदलली, मागणे तेच राहिले.

धम्मबंधू-भगिनींनो, त्या ख्रिस्ती बहिणीला निवांत झोप येते, कारण तिच्या देवामागे डबा घेऊन येणारी मंडळी आहे. डबा माणसांनीच आणला, हे सांगून आपण वाद जिंकू. पण आपण देव सोडला आणि हातही आखडता घेतला, तर आपल्या त्या उपासिकेच्या पदरात काय पडले? देव नाही म्हणणाऱ्यावर शेजाऱ्याची जबाबदारी अधिक येते, कारण ती ढकलायला त्याला दुसरी जागा नाही.

विहारात एक वही ठेवा. कोण आजारी आहे, कुणाची फी भरायची राहिली, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे दर रविवारी वंदनेनंतर वाचा आणि पाळ्या ठरवा. चौदा एप्रिलच्या वर्गणीतला थोडा भाग त्यासाठी राखून ठेवा. आमच्या विहारात अशी वही सुरू झाली आहे. पहिले नाव त्याच उपासिकेच्या मालकांचे आहे, आणि पहिली पाळी माझी.

जयभीम!