न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

दुकानात वा कारखान्यात काम शिकणाऱ्याला मराठीत ‘उमेदवार’ म्हणतात. १९६१ च्या केंद्रीय कायद्याच्या मराठी नावातही ‘शिकाऊ उमेदवार’ हेच शब्द आहेत. ज्याच्यापाशी उमेद आहे तो उमेदवार. पुढे निवडणुकांनी हा शब्द पळवून नेला, त्याला इलाज नाही. परंतु सुताराच्या, शिंप्याच्या, सराफाच्या दुकानी वर्ष-दोन वर्षे उमेदवारी केलेली माणसे आमच्या लहानपणी गावोगाव भेटत. आता तीच उमेदवारी महाविद्यालयांच्या दारातून परत आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. चार श्रेयांकांसाठी १२० तास असा त्याचा हिशोब, आणि मुलांच्या तोंडी त्याचे नाव ‘ओजेटी’.

बहुतेक मुले बँकेत, विमा कंपनीत किंवा हिशेबनिसाच्या कचेरीत जातात आणि फायलींना क्रमांक घालून परत येतात. आमच्या धर्मग्रामातील एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी मात्र यंदा मे महिन्यात दादर परिसरातील चहापत्तीच्या एका लहानशा दुकानात गेली. पगार नव्हता, लोकलच्या पासाचे पैसे मालक देत. (शिकणाऱ्याच्या श्रमाचे मोल काय, हा प्रश्न लहान नाही, तो पुन्हा कधीतरी.) एका रविवारी मिस्सानंतर तिने आमच्यापुढे जो प्रश्न ठेवला, तो या लेखाचा विषय आहे. तो समजण्यासाठी आधी त्या दुकानाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

दुकान दहा-बारा हात रुंद. फळ्यांवर पत्र्याचे डबे. खालच्या ओळीत आसामची दाणेदार मामरी आणि उपाहारगृहवाल्यांसाठी डस्ट, वर निलगिरी, सर्वांत वर, लहान डब्यांतून, दार्जिलिंग. मामरी यंत्राच्या दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, वळवून निघते. तिचा रंग चटकन उतरतो आणि दुधापुढे ती हार खात नाही. दार्जिलिंगचे पान बहुधा नुसते मळून वळवलेले असते. त्याचा रंग फिकट, आणि त्याची सारी श्रीमंती सुगंधात. उकळत्या दुधात घातले तर ती श्रीमंती वाफेबरोबर निघून जाते. पहिल्या आठवड्यात मुलगी चव घ्यायला शिकली. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटे, घड्याळ लावून. चमच्याने आवाज करीत घोट ओढायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकून टाकायचा. मग ओल्या चोथ्याचा वास घ्यायचा. ओल्या गाळणकागदावर पत्ती पसरून रंग सुटतो का ते पाहायचे, चोरट्या रंगाची भेसळ अशी पकडतात. लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस शोधायचा. वर्गातल्या दोन वर्षांत तिने नाकाने काही शिकले नव्हते.

याच आठवड्यात एक बाई आल्या. घरी लग्न होते. व्याह्यांसाठी दुकानातला सर्वांत भारी चहा हवा होता. किलोला साडेतीन हजारांचा डबा मुलीने उतरवलाही. मालकांनी विचारले, “चहा दुधाचाच ना?” होकार येताच त्यांनी डबा परत ठेवायला लावला आणि पाचशे रुपयांची मामरी बांधून दिली. मुलीच्या अभ्यासक्रमात याच्या नेमका उलट धडा आहे. गिऱ्हाईक जे मागेल त्यापेक्षा महाग ते त्याच्या गळ्यात कसे बांधावे, याला तिथे गुण मिळतात. ती त्या दिवशी भारावून गेली, आणि म्हणूनच पुढची गोष्ट तिला अधिक लागली.

दार्जिलिंगची पहिली खुडणी, जिला व्यापारात ‘फर्स्ट फ्लश’ म्हणतात, ती फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत चालते. थंडीतल्या विसाव्यानंतर फुटलेली ती कोवळी पालवी. तिचा फुलासारखा दरवळ नाजूक असतो आणि वर्षभरात पुष्कळसा विरून जातो. मे महिन्यात दुकानात या चहाचा जो डबा होता तो गेल्या वर्षीच्या खुडणीचा. तीनेक किलो उरला होता, आणि तो संपेपर्यंत मालक नवा माल मागवणार नव्हते. डब्यावरची ‘दार्जिलिंग, फर्स्ट फ्लश’ ही चिठ्ठी खरी होती. मे महिन्यात ती वाचणारा माणूस हा चहा यंदाचाच समजे. त्याचा तो समज कोणी दुरुस्त करीत नसे. मालकांनी मुलीला नियम घालून दिला होता : कोणी विचारले तर खरे तेच सांगायचे, विचारले नाही तर आपण होऊन बोलायचे नाही.

मुलीने आम्हांला विचारले, “फादर, हे खोटे बोलणे झाले का?”

प्रश्न जुना आहे, दोन हजार वर्षांहून जुना. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोने कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, तो अथेन्सला शिकायला गेलेल्या आपल्या मुलासाठी. त्याच्या तिसऱ्या भागात एका व्यापाऱ्याची कथा आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला. अलेक्झांड्रियाहून एक प्रामाणिक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी धान्याची जहाजे येत आहेत, हे त्याने वाटेत डोळ्यांनी पाहिले आहे. बेटावरच्या लोकांना ते ठाऊक नाही. त्याने सांगावे, की गप्प राहून मिळेल तितका चढा भाव घ्यावा? स्टोइक पंथाचा आचार्य बाबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगतो तेवढे दोष त्याने सांगावेत, फसवू नये, बाकी माल विकावा; न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. त्याचाच शिष्य अँटिपाटर म्हणतो, सर्व सांगावे. माणसामाणसांतले नातेच ते मागते. गुरूशी असा उघड मतभेद करणारा शिष्य आम्हांला नेहमीच आवडत आला आहे. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो. त्याचे म्हणणे असे की प्रत्येक मौन लपवणे नव्हे हे खरे. परंतु जे जाणून घेण्यात समोरच्याचे हित आहे, ते आपल्या लाभासाठी त्याच्यापासून दूर ठेवणे हे लपवणेच होय.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी तोच व्यापारी पुन्हा चर्चेला घेतला, आणि ते सिसेरोपेक्षा सौम्य निघाले. उद्या भाव उतरणार आहे हे न सांगता आजच्या भावाने विकणारा न्यायाविरुद्ध वागत नाही, असा त्यांचा निर्णय. सांगितले किंवा भाव कमी केला तर सद्गुण अधिक, एवढेच. मात्र मालातल्या दोषाची गोष्ट ते वेगळी करतात. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते गिऱ्हाइकाला दिसतेच. विक्रेत्याने किंमत त्या मानाने कमी ठेवली तर बोलून दाखवलेच पाहिजे असे नाही. दोष दिसत नसेल आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर सांगणे हे न्यायाचेच देणे आहे. आम्ही सेमिनरीत हा भाग शिकलो तेव्हा तो कोरडा वाटला होता. चहाच्या डब्यापाशी आणून ठेवला की त्याला लगेच पालवी फुटते.

कारण या डब्यातला दोष कोणता? तो बाजाराचा नाही, मालाचा आहे. तो दिसत नाही. पुडी गिऱ्हाइकासमोर भरली जाते आणि पानावर खुडणीची तारीख लिहिलेली नसते. किंमत मात्र नव्या मालाचीच. जुना चहा कोणाला आजारी पाडत नाही हे मान्य. परंतु ज्या दरवळासाठी साडेतीन हजार मोजायचे, तोच निम्मा उडालेला असेल तर नुकसान व्हायचे आणखी काय उरले?

मालकांची बाजू मुलीने प्रामाणिकपणे सांगितली आणि ती आम्ही हलकी मानीत नाही. जागेचे भाडे आहे. तीन किलो म्हणजे दहा हजारांचा माल. त्यांचे तोल-माप चोख आहे. मिश्रणात कधी रंग नाही की दार्जिलिंगच्या नावाखाली दुसऱ्या डोंगरावरचे पान नाही. (दार्जिलिंग चहा हे भारतातील पहिले नोंदलेले भौगोलिक मानांकन, २००४ चे, ते नाव वाटेल त्या पानाला लावण्याचा उद्योग किती जुना आहे, हे त्या धंद्यातल्या कोणालाही विचारावे.) आणि त्यांचा शेवटचा युक्तिवाद सर्वांत बळकट आहे. जाणकार असतो तो विचारतो. जो विचारीत नाही त्याला फरक कळतच नाही. मग फसला कोण?

आमचे म्हणणे नेमके इथेच सुरू होते. जाणकार गिऱ्हाइकाला अशा दुकानाची गरज निम्मीच असते. ज्याला काय विचारावे हेच कळत नाही, तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडून बंद पुडा न घेता लोकलने तिथवर येतो. तो केवळ चहा घ्यायला येत नाही. दुकानदाराचे नाक आणि जीभ तो थोड्या वेळापुरती उसनी घेत असतो, आणि त्याचे मोल किमतीत भरत असतो. एकाच प्रकारच्या मालाचे दुकान उभे राहते ते दोघांच्या ज्ञानातल्या अंतरावर. म्हणून वाण्याकडचे मौन आणि या दुकानातले मौन सारख्या वजनाचे नाही. विकत घेतलेल्या जिभेने गप्प बसावे, हा माल कमी भरण्याचाच प्रकार झाला.

नवलाची गोष्ट अशी की आपला कायदाही याच वाटेने चालतो. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे सोळावे कलम प्रथम सांगते की माल कामास योग्य आहे याची हमी सामान्यतः गृहीत धरू नये. म्हणजे घेणाऱ्याने जपून घ्यावे. लगेच ते अपवाद करते : गिऱ्हाइकाने आपला हेतू विक्रेत्याला कळवला असेल, तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला आहे हे दिसत असेल, आणि तसा माल विकणे हाच त्या विक्रेत्याचा धंदा असेल, तर ती जबाबदारी विक्रेत्यावर येते. दुधाच्या चहाचा हेतू मालकांनी आपण होऊन विचारून घेतला, तेव्हा ते या कलमाच्याही पुढे गेले होते. वरच्या डब्यापाशी ते मागे का आले, याचे उत्तर माणसाच्या स्वभावात आहे. दुसऱ्याचे तीन हजार वाचवणे सोपे, आपले दहा हजार घालवणे अवघड.

तरी सर्व सांगावे हे अँटिपाटरचे मत आम्ही जसेच्या तसे घेत नाही. मिश्रणात कोणत्या बागेचे किती, खरेदी कोणत्या भावाने झाली, पलीकडच्या गल्लीत हाच माल स्वस्त आहे का, हे सांगण्यास दुकानदार बांधलेला नाही. ती त्याच्या धंद्याची गोष्ट आहे. गिऱ्हाइकाच्या पुडीत काय पडते ते मात्र गिऱ्हाइकाचे.

आणि चिठ्ठी अक्षरशः खरी होती, त्याचे काय? एकेकाळी काही नीतिशास्त्रज्ञांनी, मुखाने अर्धे वाक्य बोलावे आणि उरलेले मनात ठेवावे म्हणजे असत्य होत नाही, अशी पळवाट काढली होती. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ साली जी ६५ विधाने निषिद्ध ठरवली त्यांत हीही होती. चिठ्ठीवरचे वाक्य ‘फर्स्ट फ्लश’ इथे थांबते आणि ‘गेल्या वर्षीचा’ हे शब्द मालकांच्या मनात राहतात, तेव्हा तीच पळवाट पत्र्याच्या डब्यावर चिकटवलेली असते.

राहिला मुलीचा प्रश्न, आणि आमच्या मते तोच अवघड. डबा तिचा नाही, नियम तिचा नाही. पुडी मात्र तिच्या हाताने बांधली जाते. गैरकृत्याला मनाने साथ देणे आणि मन विरुद्ध असता हाताने मदत घडणे यांत नीतिशास्त्र फरक करते, आणि शिकाऊ मुलीची बाजू बहुधा दुसरी. पण तिला ठाऊक होते, आणि तिला जीभ होती. दुकानातली गोष्ट परस्पर गिऱ्हाइकाला सांगणे म्हणजे ज्याने कला शिकवली त्याचा विश्वास मोडणे. गप्प राहणे म्हणजे ज्याने पुडी मागितली त्याचा. आम्ही तिला सुचवले की प्रथम मालकांशी एकांतात बोल. शुभवर्तमानातही बंधूचा दोष दाखवण्याची पहिली पायरी एकांताचीच आहे.

तिने तसे केले नाही. तिला एकांत मिळाला नाही, की धीर झाला नाही, हे आम्ही विचारले नाही. पुढच्या शनिवारी एका गृहस्थांनी त्या डब्याकडे बोट दाखवले तेव्हा तिने पाव किलोचे माप हातात धरून त्यांच्यादेखत मालकांनाच विचारले, “काका, हा गेल्या वर्षीचा ना?”

मालकांनी तिच्याकडे पाहिले. मग गिऱ्हाइकाकडे. “हो, गेल्या वर्षीचा. म्हणून किलोला पाचशे कमी.”

गृहस्थांनी चहा घेतला. गिऱ्हाइकासमोर मालकाला असे कोंडीत धरणे आम्हांला आजही प्रशस्त वाटत नाही, आणि तसे आम्ही तिला सांगितले. पाचशे रुपये कमी करण्याचे मालकांनी त्या क्षणी ठरवले की आधीच मनात होते, हेही तिला सांगता येईना. गृहस्थांनी पुडी घेतली यावरून काही सिद्ध होते असेही नाही. ते न घेता गेले असते तरी दिलेले उत्तर तितकेच खरे ठरले असते. त्याच संध्याकाळी आणखी दोघांनी तो डबा विचारला. दोघांनाही मालकांनी आपण होऊन वर्ष सांगितले, आणि दोघेही ‘नवा आला की येतो’ म्हणून पायऱ्या उतरून गेले. डब्यात तेव्हा दीड किलो शिल्लक होता.