मैत्रिणीचा पत्ता

पुण्याच्या खडकीत, रेंजहिल्सच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये घर मिळतं ते नवऱ्याच्या पगाराच्या श्रेणीवर आणि नोकरीच्या वर्षांवर. कुठली बिल्डिंग, कितवा मजला, समोरच्या दारात कोण, यातलं काहीच अर्ज करणाऱ्याच्या हातात नसतं आणि त्याच्या बायकोच्या तर मुळीच नसतं. तरीही त्या घरासोबत जी शेजारीण पदरात पडते, तिच्या आधारानं बाईची पुढची वीस-पंचवीस वर्षं निभतात. मूल तापलं, सासूशी खटकलं, पाळी लांबली, की पहिलं दार वाजतं ते तिचं. नवरा निवृत्त होऊन क्वार्टर सोडायची वेळ आली की पंख्यांचा, नळांचा, विजेच्या बिलाचा हिशेब होतो. या नात्याचा होत नाही. मला त्याच नात्याविषयी लिहायचं आहे, कारण त्याला वगळून बायकांच्या तब्येतीचा विचार करता येतो असं मला वाटत नाही.

खडकी इतिहासाच्या पुस्तकात आहे ती १८१७ च्या लढाईमुळे. इथल्या जगण्याला वळण दिलं ते मात्र १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यानं, लष्कराच्या सॅपर्सच्या, म्हणजे अभियंता दलाच्या केंद्रानं आणि पुढे १९४० मध्ये आलेल्या हाय एक्स्प्लोझिव्ह फॅक्टरीनं. नोकरीच्या निमित्तानं कुठकुठची माणसं आली. बाजारात मराठीच्या जोडीला तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी सगळं कानावर पडतं. मी सून म्हणून इथे आले तेव्हा दिवस भोंग्यावर चालायचा. सकाळचा भोंगा झाला की सायकली आणि स्कूटर गेटाकडे निघायच्या आणि पाठीमागे बिल्डिंग बायकांची व्हायची.

समोर अक्का राहायच्या. मूळच्या तमिळ, जन्म मात्र खडकीचाच. त्यांच्या आणि माझ्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती. माझ्या भांड्यांच्या आवाजावरून त्यांना माझा दिवस कळायचा. भांडी आपटली तर त्या येत नसत. राग ओसरेपर्यंत थांबत. पण भांडी फारच सावकाश, एकेक करून ठेवल्यासारखी वाजायला लागली की पाचव्या मिनिटाला हातात इडलीच्या पिठाचं पातेलं घेऊन दारात हजर. ‘पीठ जास्त झालं गं’ म्हणायच्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. काय झालं म्हणून कधी विचारायच्या नाहीत. मी पोळ्या लाटायची, त्या भाजायच्या. शेवटच्या पोळीपर्यंत माझ्या तोंडून आपोआप सगळं बाहेर आलेलं असायचं.

घरातल्या माणसांना माझी काळजी नव्हती असं मी म्हणणार नाही, होती. पण घरात बाईची मनःस्थिती बिघडली की तिचा अर्थ लगेच घराच्या सोयीवर लावला जातो. ती गप्प असेल तर कुणावर तरी रागावली आहे, चिडली असेल तर दमली आहे, रडली तर माहेरची आठवण आली आहे. कारण सापडलं की विषय मिटला. पन्नाशीच्या आसपास शरीर बदलतं, रात्री घामानं जाग येते, विनाकारण छाती धडधडते, कालपर्यंत सहज होणारं काम डोंगराएवढं वाटतं. तेव्हा घरच्यांना दिसते ती चिडचिड. तीच लक्षणं दोन वर्षांपूर्वी स्वतः भोगलेली मैत्रीण मात्र हातातलं काम खाली ठेवून म्हणते, ‘मलापण असंच व्हायचं बघ.’ एवढ्या एका वाक्यानं आपण वेड्या झालो नाही याची खात्री पटते. त्या खात्रीची गरज किती मोठी असते, हे त्या वयातून गेलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

शरीराच्या तक्रारींचंही तेच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींना पाळी जायच्या दिवसांत अंगावरून फार जायचं. त्यांनी ते महिनोन्‌महिने अंगावर काढलं. नवऱ्याला सांगायची लाज, मुलं मोठी, आणि ‘या वयात असं होतंच’ हे ऐकून ऐकून मनात पक्कं बसलेलं. एकदा वाळवणं उचलताना जिन्यातच मटकन बसल्या, तेव्हा तिथेच, कुरडयांचं ताट मांडीवर ठेवून त्यांनी अक्कांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अक्का त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन सातावर आलं होतं. पुढे उपचार झाले, वहिनी खडखडीत बऱ्या झाल्या. नवऱ्याला मात्र हे सगळं कळलं रक्ताचा रिपोर्ट घरी आल्यावर.

हे एकट्या खडकीचं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरातल्या ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. दवाखाने कमी होते, अंतरं मोठी होती, हे खरंच. पण दवाखाना हाकेच्या अंतरावर असलेल्या खडकीतही वहिनी गेल्या नव्हत्या. दुखणं आधी कुणापाशी तरी बोलावं लागतं, आणि ते बोलायची जागा केसपेपरच्या खिडकीवर नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्यातल्या कितीजणी थकवा म्हणजे आपला स्वभाव असं समजून चालत असतील!

बायकांच्या मैत्रीला वेगळा वेळ मिळत नाही, हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. पुरुषांच्या मैत्रीला जागा नेमून दिलेली आहे: गेटाबाहेरची चहाची टपरी, युनियनचं ऑफिस, गणेश मंडळ, संध्याकाळचा कट्टा. तिथे जाणारा पुरुष काम टाकून गेला असं कुणी म्हणत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाचा ९७. पाच तासांचं घरकाम, त्यावर मुलाबाळांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं, काहींची नोकरी. म्हणून बायकांची मैत्री कामाच्या आतच होते. मटार सोलताना, पापड लाटताना, नळाला पाणी येईपर्यंत, शाळेच्या फाटकावर, नवरात्रात पहाटे चतुःशृंगीला चालत जाताना. भिशी आणि हळदीकुंकू हे तिचे थोडे सजवलेले प्रकार. या मैत्रीला जवळपण लागतं ते त्यामुळे. भिंत एक असली तर ती रोज घडते. अंतर वाढलं की तिच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो, आणि वेगळा वेळ तर नसतोच.

तरी घर घेताना हे अंतर कुणी मोजत नाही. निवृत्ती जवळ आली की खडकीतली कुटुंबं सांगवी, पिंपळे गुरव, दिघी, बोपखेल अशी पांगतात. कर्ज किती बसेल, पाणी किती वेळ येतं, लिफ्ट आहे का, दार कुठल्या दिशेला, मुलाला ऑफिस किती लांब, सुनेचं माहेर किती जवळ, यावर घरात महिनोन्‌महिने चर्चा चालते. तिची मैत्रीण कुठे राहायला गेली, हा मुद्दा त्या चर्चेत निघालेला मी ऐकलेला नाही. बाईही काढत नाही. काढला तर हट्टी ठरेल अशी तिला भीती वाटते.

अक्का बोपखेलला गेल्या. खडकी आणि बोपखेल यांच्यामध्ये मुळा नदी. सरळ रेषेत पाहिलं तर नदीपलीकडे हाक मारावी इतकंच अंतर. पण बोपखेलहून दापोडीला येण्याचा सीएमईच्या, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या हद्दीतला जुना रस्ता २०१५ साली बंद झाला आणि गावाला दिघी-विश्रांतवाडीकडून वळसा पडला. नदीवर पूल व्हावा म्हणून तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. लष्कराच्या सुरक्षिततेचा प्रश्न मी समजू शकते. पण त्या वळशाचा हिशेब शाळा, नोकरी, रुग्णवाहिका यांच्या तासांत झाला, आणि दोन साठीच्या बायकांच्या भेटी त्यात कुठेच नव्हत्या. अक्कांचे गुडघे गेलेले, रिक्षाचे पैसे मुलाकडे मागायचे. रोजचं येणं आधी आठवड्याचं झालं, मग सणाचं. त्या वर्षी अक्कांना झोप लागेनाशी झाली, जेवणावरची वासना गेली, आणि हे मला फोनवर कळलं नाही. फोनवर त्या म्हणायच्या, ‘छान आहे गं.’ भांड्यांचा आवाज फोनवर येत नाही.

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण गोपाळरावांच्या हट्टाची आणि पहिल्या स्त्री-डॉक्टरची म्हणून सांगतो. मला ती दूरवरून जपलेल्या एका मैत्रीचीही वाटते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात रोझेल गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी १८८० साली एका मिशनरी मासिकात या दांपत्याविषयी वाचलं आणि पत्र पाठवलं. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. पुढे पत्रांतून सणवार, रीतिरिवाज, मनातल्या शंका असं सगळं येत गेलं. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा हेही आनंदीबाई तिकडेच लिहीत, आणि कार्पेंटर बाई सातासमुद्रापलीकडून औषधं धाडत. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८३ च्या जूनमध्ये त्या अमेरिकेत उतरल्या आणि या मावशीच्या घरी राहिल्या. कॉलेजसाठी फिलाडेल्फियाला गेल्यावर तब्येत खालावत गेली. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, त्या पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आहेत. जन्मानं किंवा लग्नानं न मिळालेलं ते घर आनंदीबाईंनी स्वतः पत्रं लिहून मिळवलेलं होतं.

मैत्रीण म्हणजे औषध, असं मात्र मी म्हणत नाही. थायरॉइड, मधुमेह, नैराश्य हे गप्पांनी बरे होणारे आजार नव्हेत. दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, अशी स्थिती असेल तर डॉक्टरच लागतो, आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा सरकारी नंबर बाईच्या फोनमध्ये असायला हवा. पण तिथवर हात धरून नेणारं माणूस लागतं. नाशिक जिल्ह्यात २०१३ पासून ‘आत्मीयता’ या उपक्रमात गावातल्याच लोकांना शिकवलं गेलं: खचलेलं माणूस ओळखायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, आणि गरज असेल तेव्हा पुढे डॉक्टरकडे पाठवायचं. गावातली माणसं हे नीट करू शकतात, असा तिथला अनुभव आहे. अक्का वहिनींसाठी यापेक्षा वेगळं काय करत होत्या? ज्या गोष्टीसाठी आता प्रकल्प उभारावे लागतात, ती आमच्या जिन्यात होती, आणि घरं बदलताना आपण ती मोडू देतो, याचं मला वाईट वाटतं.

अक्कांच्या मुलाला मी समोर बसवून बोलले. तो समजूतदार आहे. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, आणि रविवारी आईला माझ्याकडे आणून सोडायचं त्यानं कबूल केलं. नंतर आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत मी एक सूचना मांडली आणि ती सगळ्यांनी उचलून धरली. पुढच्या दोन वर्षांत ज्या घरचे निवृत्त होणार आहेत, त्या बायकांनी आपण कुठे फ्लॅट बघतोय ते एका वहीत लिहायचं, म्हणजे दोघी-तिघींना एकाच सोसायटीत, निदान चालत जाण्याच्या अंतरावर, घर बघता येईल. सुरुवातीला एक-दोघी संकोचल्या. घरचे काय म्हणतील? मग एकीनं नवऱ्याला सरळ सांगितलं की दार पूर्वेला नसलं तरी चालेल, पण ही शेजारी हवी. त्यांनी आणि तिच्या मैत्रिणीच्या घरच्यांनी पिंपळे गुरवला एकाच बिल्डिंगमध्ये बुकिंग केलं आहे. वहीत आणखी तिघींनी सांगवी लिहिलं आहे. आमच्या घरचे अजून दिघी म्हणताहेत, आणि मी बोपखेल.