झोळी आणि सॅक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, दरवर्षी या अंकात मी चार ओळी लिहितो त्या बहुतेक पारायणाच्या अनुभवाच्या नाहीतर वाडीच्या यात्रेच्या असतात. यंदा डोंगराची गोष्ट सांगणार आहे. अंकाचं काम पाहणाऱ्या मंडळींनी विचारलंच, "दत्तजयंतीच्या अंकात हा ट्रेक कसा बसवायचा?" मी म्हटलं, आधी वाचा, मग ठरवा.

अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ही कथा आपल्याला पाठ आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात ती येते आणि नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात ती आपल्या भाषेत उलगडून सांगितली. कपोत, अजगर, मधमाशी, पिंगला ही नावं कीर्तनात ऐकून ऐकून घरची झाली आहेत. पहिला गुरू पृथ्वी. तिच्याकडून क्षमा आणि सोशिकपणा शिकायचा, एवढं सांगून बहुतेक बुवा पुढे वायूकडे वळतात. पण पृथ्वीच्याच पोटात अवधूतांनी आणखी दोघांना बसवलं आहे, पर्वत आणि वृक्ष. पर्वताचं सगळं असणं दुसऱ्यासाठी. त्याचं पाणी, गवत, दगड, सगळं इतरांच्या कामी. आणि वृक्ष? तो सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती. कोणी तोडा, कोणी उपटून न्या, तो आपला म्हणून काही राखत नाही.

यातला पर्वत मला फार आवडायचा. वृक्ष काही पचनी पडत नव्हता. दुसऱ्याच्या हाती जायचं म्हणजे काय? मी तर जन्मभर उलटंच केलं.

बँकेत कारकून होतो. संध्याकाळी टॅली लागल्याशिवाय शाखा सोडायची नाही ही सवय. जनार्दनस्वामींनी नाथांना हिशेबाला बसवलं, एका पैची चूक सापडेना म्हणून नाथ रात्रभर जागले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही गोष्ट मी शाखेतल्या नव्या पोरांना कितीदा सांगितली असेल! स्वामींनी त्यावर काय म्हटलं, की एका पैच्या चुकीत एवढा आनंद, तर संसाराची मोठी चूक सापडली तर केवढा होईल, हा भाग मात्र मी घाईत सांगायचो. माझं लक्ष पैवर.

घरीही तेच. कोणाचं काही आपल्याकडे राहता कामा नये. शेजारून वाटीभर आमटी आली तर वाटी रिकामी परत जायची नाही, आणि शक्यतो त्याच दिवशी जायची. ही म्हणायची, "अहो, लोकांना देऊ तरी द्या की!" मी हसण्यावारी न्यायचो.

दोन वर्षांपूर्वी ही न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, तीन महिने जवळजवळ अंथरुणावर. मुलगा-सून बंगळुरूला. सून म्हणाली, "बाबा, मी महिनाभर येते." मी म्हटलं, तुझी नोकरी सांभाळ. शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या, त्यांनाही "आमचं सगळं व्यवस्थित आहे" म्हणून दारातूनच वळवलं. स्वयंपाक शिकलो, हिचं सगळं केलं. आजूबाजूचे म्हणायचे, "काय माणूस आहे!" खोटं कशाला सांगू, ते ऐकायला बरं वाटायचं.

आता डोंगर.

सकाळी टेकडीवर फिरायला जातो तिथे एका गिर्यारोहण गटाची ओळख झाली. सगळी तरुण मंडळी, आणि माझ्यासारखे एक-दोन पिकलेले. गेल्या जानेवारीत त्यांनी रतनगड ते हरिश्चंद्रगड अशी चार दिवसांची मोहीम ठरवली. अकोले तालुक्यातला, सह्याद्रीच्या ऐन कण्यावरचा हा मुलूख. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. हिने आपल्या धाकट्या बहिणीला चार दिवस बोलावून घेतलं. मी नको म्हणत होतो. ही म्हणाली, "तुम्ही जा. मलाही जरा माणसांत बसू दे." या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

सॅक मी स्वतः भरली. अकरा किलो. दोन टॉर्च, जास्तीचं पांघरूण, औषधांचा डबा, तीन लिटर पाणी, किलोभर चिवडा. गटाचं सामायिक जेवण होतं, तरी म्हटलं आपलं आपल्याजवळ असावं.

पहिला दिवस अगदी सुखात गेला. रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घेतलं. त्या कोरीव दगडांसमोर खरं तर तासभर बसायला हवं होतं, पण पोरांना गडाची घाई. जंगलातून चढ, मग लोखंडी शिड्या, मग दरवाजा. रात्री गडावरच्या गुहेत मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी नेढ्यात जाऊन बसलो. नेढं म्हणजे डोंगराच्या माथ्याला आरपार पडलेलं भोक. वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडे कळसूबाई आणि अलंग, मदन, कुलंग. गटाची म्होरकी सत्तावीस वर्षांची मुलगी होती, एका शाळेत शिकवते. ती म्हणाली, "काका, प्रवरा इथेच उगम पावते." मला एकदम पृथ्वीगुरू आठवले. मनात म्हटलं, हाच तो पर्वत. देतो, नुसता देतो. आणि खरं सांगू? त्याच्या जागी मी स्वतःला पाहत होतो.

त्याच दिवशी उतरलो ते दोन्ही अर्थांनी.

शिड्या उतरून कात्राबाईच्या खिंडीकडे वळलो. खिंडीपर्यंतचा चढ कसाबसा काढला. पलीकडची उतरण कुमशेतकडे जाते, ती घसाऱ्याची. पायाखालचे बारीक दगड सरकतात. उजव्या गुडघ्यात कळ आली. मी बोललो नाही. एक पोरगा म्हणाला, "आजोबा, सॅक द्या." मी म्हटलं, "लागेल तेव्हा देईन." दहा मिनिटांनी दुसरा आला, त्यालाही तेच. दर शंभर पावलांवर मी थांबायचो, माझ्यासाठी सगळे थांबायचे. एकदा बसकण मारली तेव्हा हाताचा पंजा सोलवटला, तरी "काही नाही, काही नाही" चालूच. दुपारी चारला गावात पोचायचं होतं. साडेसहाला अंधार पडला तेव्हा आम्ही अजून जंगलातच. चौदा माणसं टॉर्चच्या उजेडात. मागे एका मुलीचा पाय मुरगळला, का, तर अंधारात दगड दिसला नाही. ती रडत नव्हती, पण मला तिचा श्वास ऐकू येत होता.

तेव्हा म्होरकी माझ्यापाशी आली. आवाज न चढवता म्हणाली, "काका, तुमची सॅक तुम्हाला जड नसेल. आम्हाला सगळ्यांना जड झालीय."

दत्तभक्तहो, साठी उलटल्यावर एवढं स्पष्ट आपल्याला कोणी बोलत नाही. मान देतात, पण बोलत नाहीत. मी बक्कल सोडलं आणि सॅक तिच्याकडे दिली. एकाने माझा दंड धरला. पाऊण तासात आम्ही कुमशेतला होतो.

ज्या घरी उतरलो तिथल्या माउलीने कोरा चहा दिला, मग भाकरी आणि पिठलं. जेवणाचे पैसे गट देणारच होता. माझ्या गुडघ्यासाठी तिने न सांगता पाणी तापवून आणलं. मी सवयीने पन्नासची नोट काढली. ती म्हणाली, "पान्याचं कसलं पैसं, बाबा? शेका गुमान." नोट हातातच राहिली.

त्या रात्री झोप लागली नाही. गुडघा ठणकत होता हे एक कारण. दुसरं म्हणजे हिचं आजारपणातलं एक वाक्य. मी तिला एकटं ठेवून बाजारात गेलो होतो, बँकेत गर्दी म्हणून दीड तास लागला. परत आलो तर ही म्हणाली, "पाणी हवं होतं. तांब्या लांब राहिला. वहिनींना हाक मारणार होते, पण तुम्ही त्यांना नको म्हणून सांगितलंय, मग कुठल्या तोंडाने हाक मारू?" तेव्हा मी तांब्या जवळ सरकवला आणि विषय संपवला. त्या अंधाऱ्या घरात पडल्या पडल्या ते दीड तास मी पहिल्यांदा मोजले. मला कोणाचं काही नको होतं, आणि त्याची किंमत ती भरत होती. टॅली माझी लागत होती, फरक तिच्या खात्यात पडत होता.

मग दत्तप्रभूंचीच कथा नव्याने डोळ्यांपुढे आली. अनसूयामातेच्या दारात तिन्ही देव आले ते कशासाठी? भिक्षेसाठी. सत्त्व पाहायला आले हे खरं, पण आले याचक होऊन. आणि मग झाली बाळं. ब्रह्मा, विष्णू, महेश पाळण्यात, आईने पाजेल तेव्हा प्यायचं, उचलेल तेव्हा उठायचं. उत्पत्ती, स्थिती, लय ज्यांच्या हातात, ते दुसऱ्याच्या हाती गेले आणि तिथून आपले दत्तात्रेय आले. पुढेही पाहा. दत्तप्रभू नित्य कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि निद्रेला माहूरला जातात, अशी आपली श्रद्धा आहे. त्यांना काय कमी आहे? तरी खांद्याला झोळी. आणि आपण त्यांचे भक्त म्हणवणारे, आपली झोळी शिवून बंद केलेली. मधमाशी गुरू कशासाठी? तर घरोघरी थोडं थोडं घ्यावं, एकावर भार नको, हे शिकवायला. घ्यायचंच नाही असं तीही शिकवत नाही.

पर्वताचंही मग वेगळं दिसायला लागलं. नेढ्यात बसून मला वाटलं होतं तो नुसता देतो. पण चार महिने अंगावर पाऊस कोण घेतो? तो घेतला नसता तर प्रवरा कुठून निघाली असती! बँकेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला आधी जमा आणि मग खर्च हे डोंगराने सांगावं लागलं, याचं मला हसूही आलं.

तिसऱ्या दिवशी सॅक सकाळीच काढून ठेवली. पोरांनी सामान वाटून घेतलं, चिवडाही संपवला. कुमशेतहून पाचनई, तिथून संध्याकाळी हरिश्चंद्रगडावर. पाय मुरगळलेली मुलगी गाडीने पाचनईला आली आणि खालीच थांबली. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या हो काका," पण तिचा गड राहिला तो राहिलाच. त्याची भरपाई माझ्याकडे नाही.

गडावर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर आहे. चांगदेवांनी याच गडावर तप केलं, 'तत्त्वसार' इथेच लिहिलं असं सांगतात. चांगदेवांची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. एवढा मोठा योगी, पण लहान वयाच्या ज्ञानदेवांना पत्र लिहायचं तर मायना काय लिहावा यावर अडला. वडील म्हणावं तर वयाने लहान, आणि लहान म्हणावं तर ज्ञानाने मोठे. शेवटी कोरा कागद पाठवला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या. आणि पुढे गुरू केलं कोणाला, तर मुक्ताईला! एवढ्याशा मुलीला. तपाने जे सुटलं नाही ते तिथे सुटलं. मी मंदिराच्या पायरीवर बसलो होतो आणि समोर आमची म्होरकी सगळ्यांच्या चपात्या मोजत होती, माझी सॅक तिच्या पाठीला टेकलेली. चोवीस गुरूंच्या यादीत बालक आहे, कुमारिका आहे, बाण करणारा कारागीर आहे. अवधूतांनी कोणाचं वय विचारलं नव्हतं.

शेजारीच केदारेश्वराची गुहा. मोठं शिवलिंग, भोवती कमरेइतकं पाणी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. त्याला लोक चार युगांचा अर्थ लावतात, मी त्यात पडत नाही. पाणी मात्र असं गार की पाय टाकताच 'दत्त दत्त' आपोआप तोंडातून निघतं. एकट्याने प्रदक्षिणा घालणं मला शक्य नव्हतं. मी दोन्ही हात पुढे केले आणि म्हटलं, "पोरांनो, धरा रे." दोघांनी दोन्हीकडून धरलं. पूर्ण प्रदक्षिणा झाली. चौथ्या दिवशी पहाटे कोकणकडाही पाहिला, खाली वाकून गेलेला तो प्रचंड कडा. त्याचं वर्णन मला जमणार नाही.

घरी आलो तर मेव्हणी आणि ही पत्त्यांचा डाव मांडून बसल्या होत्या. शेजारच्या वहिनी तिसऱ्या. मला पाहून त्या उठायला लागल्या, तशी ही म्हणाली, "बसा हो." मी आत जाऊन चहा टाकला, चार कप.

यंदा सप्ताहात गुरुचरित्राच्या पारायणाला मी देवळात बसणार आहे. हिला अजून जिना उतरत नाही, म्हणजे रोज चार-पाच तास ती घरी एकटी. गेल्या आठवड्यात वहिनींच्या दारात गेलो. वाक्य चार वेळा मनात जुळवून गेलो होतो, तरी अडखळलोच. म्हटलं, "वहिनी, सात दिवस हिच्याजवळ बसाल का?"

त्या म्हणाल्या, "भाऊजी, एवढं विचारायला दोन वर्षं लागली होय?"

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥