पुसणे आणि झाकणे

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आपल्या सीमाभागातल्या कोणत्याही गल्लीतून चालत गेले, तर एक दृश्य हमखास दिसते. घर मराठी असो की कानडी, कोणी 'खंडेनवमी' म्हणो की 'आयुधपूजा', दारात मोटारसायकल स्टँडवर उभी असते. शेजारी पाण्याची बादली, वाटीत थोडे डिझेल, जुन्या बनियनची फडकी, आणि घरातले एखादे पोर उकिडवे बसून चाकाच्या तारा एकेक करून पुसत असते. चेन धुतली जाते, टाकीवरून ओले फडके आणि मग कोरडे फडके फिरते, सायलेन्सरला पॉलिश लावून हात दुखेपर्यंत घासले जाते. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, झेंडूची माळ आणि चाकाखाली लिंबू.

त्याच गल्लीत, वर्षातल्या दुसऱ्या एखाद्या दिवशी, तीच माणसे तीच गाडी याहूनही मन लावून पुसताना दिसतात. त्या दिवशी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार असते.

हात तोच, फडके तेच, पॉलिशचा डबाही तोच. तरीही या दोन पुसण्यांत काही फरक आहे, असे आपल्याला आतून वाटत राहते. हा फरक नेमका कशात आहे, एवढाच प्रश्न या लेखात विचारायचा आहे. प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण खरेपणा आणि खोटेपणा यांच्यामधली रेघ पुष्कळदा अशा क्षुल्लक जागीच स्पष्ट दिसते.

आधी धातूचे काय होते ते पाहू. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून तो मंद दिसतो. पॉलिशमधले बारीक कण पृष्ठभागावरचे उंचवटे झिजवतात, पृष्ठभाग सपाट होतो आणि प्रकाश एका दिशेने परत फिरतो. त्यालाच आपण चकाकी म्हणतो. म्हणजे अशी चकाकी थोडा धातू खर्ची घातल्याशिवाय मिळत नाही. जुन्या बुलेटच्या इंजिनावरची झाकणे अल्युमिनियमची असत. अल्युमिनियमला हवा लागली की त्यावर डोळ्यांना न दिसणारी एक पातळ साय धरते आणि तीच आतल्या धातूचे रक्षण करते. घासून काढली तरी ती लगेच पुन्हा धरते. ही साय म्हणजे अल्युमिना. आपल्या बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटपासून काढतात तोच हा पदार्थ. गंमत अशी, की धातू घासायच्या पॉलिशमध्येही पुष्कळदा अल्युमिन्याचेच बारीक कण असतात. जो पदार्थ धातूचे कवच होतो, तोच त्याची कानसही होतो!

सायलेन्सरची गोष्ट वेगळी. म्हैसूरला बनणाऱ्या येझ्दीचे ते दोन लांब सायलेन्सर आठवा. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, पण त्या गाड्या जपणारी माणसे अजून आहेत. आत पोलाद, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमचा थर. हा क्रोमचा थर सहसा मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. त्यावर गंजाचा ठिपका दिसला तर तो वरून बसलेला नसतो, मुलाम्यातल्या बारीक छिद्रांतून खालच्या पोलादापासून वर आलेला असतो. तेथे ताकद लावून दणदणीत पूड घासली, तर गंजाबरोबर मुलामाही जातो. इंजिनाजवळ नळीला आलेली निळी-सोनेरी झाकही मळ नव्हे, ती उष्णतेची खूण आहे. क्रोमला हवे असते ते मऊ फडके, साधे पाणी, थोडे मेण आणि सबुरी.

हे सारे पाहिल्यावर एक उत्तर चटकन सुचते. अल्युमिनियमची चकाकी त्याची स्वतःची, म्हणून खरी. क्रोमची चकाकी वरून चढवलेली, म्हणून खोटी. हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्राच्या चौथ्या सूत्रावरील भाष्यात संस्काराचे दोन प्रकार मानले आहेत: एक, वस्तूत नवा गुण घालणे, दुसरा, तिच्यातला दोष काढून टाकणे. तेथेच पूर्वपक्षाच्या तोंडी आरशाचा दृष्टांत आहे. चकाकी हा आरशाचा स्वतःचाच धर्म, तो झाकला गेलेला असतो आणि घासल्याने प्रकट होतो. तसाच मोक्षही का मानू नये? त्या काळचा आरसा धातूचा असे. केरळात आरन्मुळा येथे तसे धातूचे आरसे आजही घासून घासून तयार करतात. आत्म्याच्या बाबतीत आचार्यांना हा दृष्टांत मान्य नाही, कारण आत्म्यावर कोणतीही क्रिया घडू शकत नाही. पण धातूच्या बाबतीत 'आतले प्रकट करणे' आणि 'वरून चढवणे' हा भेद मनाला पटतो.

तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही, असे मला वाटते. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात. कल्हई वरूनच चढवलेली असते. पण तिला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण ती नसेल तर ताक आणि आमटी कळकते. क्रोमही पोलादाला पाण्यापासून वाचवतो. उलट अल्युमिनियमच्या झाकणाला गेलेला तडा लांबी भरून, वर घासून असा बेमालूम करता येतो, की तेथली बहुतेक चकाकी अस्सल असूनही ते झाकण खोटे बोलते. तेव्हा खरेखोटेपणा मुलाम्यात नाही आणि धातूतही नाही. तो दुसरीकडे कोठेतरी शोधला पाहिजे.

खंडेनवमीच्या पुसण्याकडे पुन्हा नीट पाहू. जो माणूस स्वतःच्या हाताने गाडी पुसतो, त्याची बोटे प्रत्येक नटावरून जातात. एखादा नट ढिला लागतो. एखादी तार टिचकी मारल्यावर इतरांसारखी वाजत नाही. मडगार्डच्या पट्टीला केसाएवढी चीर दिसते. इंजिनावर तेलकट धुळीचा थर असतो तोवर तेल कोठून झिरपते ते कळत नाही. म्हणून जाणता मिस्त्री आधी इंजिन धुतो, मग गाडी चार-सहा किलोमीटर फिरवून आणतो आणि ओली रेघ कोठून निघते ते पाहतो. येथे पुसणे ही जाणून घेण्याची एक रीत आहे. मळ गेल्यावर डोळ्यांना अधिक दिसते.

आता गिऱ्हाईक येण्याच्या तासभर आधीचे पुसणे पाहू. येथेही इंजिन धुतले जाते. पण धुतल्यावर गाडी फिरवली जात नाही. तेलाची रेघ पुसली गेली आणि नवी उमटायला अवधीच दिला नाही. धुण्याची क्रिया अगदी तीच, पण तिचा परिणाम उलटा. इंजिनाची खडखड ऐकू येऊ नये म्हणून जाड तेल ओतणे, थंड इंजिन लवकर सुरू होत नाही म्हणून ते आधीच गरम करून ठेवणे, गंजाने पडलेल्या खळग्यांवर रुपेरी रंग फिरवणे, या त्याच जातीच्या युक्त्या. मळ गेला, चकाकी आली आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र कमी दिसू लागले.

मला फरक सापडतो तो येथे. ज्या पुसण्याने वस्तूबद्दलचे ज्ञान वाढते, ते स्वच्छ. ज्या पुसण्याने दुसऱ्याचे अज्ञान वाढते आणि त्या अज्ञानाचे पैसे आपल्या खिशात येतात, ते पुसणे नव्हे, ते झाकणे.

कायद्याने हा प्रश्न कसा पाहिला आहे तेही उद्बोधक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात मोटारसायकल नाही, घोडा आहे. घोड्यात खोड आहे हे ठाऊक असून मालक लिलावात काहीच बोलला नाही, तर तेवढ्याने ती फसवणूक होत नाही. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, 'तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा चांगला आहे असे मी धरतो', तर त्यानंतरचे मौन हे बोलण्यासारखेच मानले जाते. माहीत असलेली गोष्ट हेतुपुरस्सर दडवणे ही मात्र याच कलमाप्रमाणे फसवणूक आहे. कायदा गप्प बसण्याला काही जागा देतो, झाकण्याला देत नाही. गाडीच्या व्यवहारात गोम अशी, की फडके हातात घेतले की माणूस नुसता गप्प राहिलेला नसतो.

रोमन विचारवंत सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात घर विकणाऱ्याची गोष्ट आहे. घरातल्या खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजके आहे आणि हे फक्त मालकाला ठाऊक आहे. त्याने सांगावे का? एक तत्त्वज्ञ म्हणतो, सांगितलेच पाहिजे. दुसरा म्हणतो, घ्या अशी सक्ती कोणी केली होती? सिसेरोचा निकाल पहिल्याच्या बाजूने आहे. त्याचे कारण मला फार मोलाचे वाटते. प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे. पण जे तुम्हाला माहीत आहे आणि जे कळण्यात दुसऱ्याचे हित आहे, ते त्याला कळू नये अशी इच्छा तुम्ही स्वतःच्या फायद्यासाठी धरता, तेव्हा ते लपवणे होते.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, 'गुरुजी, बाजारात सगळेच असे करतात. घेणाऱ्यालाही ते ठाऊक असते, तो त्या हिशेबानेच भाव पाडून मागतो.' या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही आपली म्हण घेणाऱ्यालाच सावध करते. चकाकते ते सारे सोने नसते, हेही त्यालाच सांगितलेले. पण जुनी गाडी बहुतेक वेळा घेतो कोण? ज्याला नवी परवडत नाही तो. नुकता नोकरीला लागलेला मुलगा, उसनवारी करून पहिली गाडी घेणारा गवंडी. सराईत दलालाला चकाकी फसवू शकत नाही. ती फसवते या नवख्यालाच. आणि झाकलेली चीर जर चाकाच्या किंवा ब्रेकच्या आसपास असेल, तर तो पैशांबरोबर हातपायही पणाला लावून रस्त्यावर उतरतो.

मग विकण्याआधी गाडी पुसूच नये का? जरूर पुसावी. पाहुणा येणार म्हणून आपण घर झाडतो, यात कपट नसते, मान असतो. मळकी गाडी दाखवणे हा काही प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे. फक्त पुसून झाल्यावर घेणाऱ्याला थंड इंजिनाला किक मारू द्यावी, गाडी फिरवून आणू द्यावी, आणि परत आल्यावर तेलाची रेघ दिसली तर ती आपणच बोट ठेवून दाखवावी. त्यासाठी हजार-दोन हजार सोडावे लागले, तर चकाकीची ती खरी किंमत समजावी.

येथे एक अडचण उभी राहते आणि ती माझ्या रोजच्या कामातली आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. तेथे मुख्याध्यापक बहुधा 'चांगली' असेच लिहितो. ज्या मुलाने वर्षभर वर्ग डोक्यावर घेतला, त्याच्याही दाखल्यावर. वर मांडलेल्या कसोटीने पाहिले तर हेही झाकणेच नव्हे काय? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. धातूतली चीर आपणहून सांधत नाही, ती वाढतच जाते. ती सांगितलीच पाहिजे. सोळा वर्षांच्या मुलाची खोड मात्र पुढच्या वर्षी असेलच असे नाही. शिवाय ते मूल म्हणजे विकायला काढलेली वस्तू नव्हे आणि त्या एका शब्दातून माझ्या खिशात काही येत नाही. तरी त्याच्या खोडीने पुढे दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल, तर ते सांगण्याचे कर्तव्य त्या रकान्यातल्या शब्दाने संपत नाही. माणसाला बदलायला अवकाश देणारे मौन आणि गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणारे मौन, ही दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत.

येत्या खंडेनवमीला पुन्हा दारोदारी फडकी निघतील. घरातले पोर सायलेन्सर घासत बसेल, तेव्हा त्याच्या शेजारी क्षणभर बसावे. चकाकीचे कौतुक तर करावेच. पण त्याआधी विचारावे, 'बाळा, पुसताना काय काय दिसले?' ढिला नट, वाकलेली तार, तेलाचा थेंब, असे काही तो सांगू लागला, तर पूजा चांगली झाली असे समजायला हरकत नाही.