संयमाचे ओझे कोणावर?

डिजिटल साधनांमुळे विद्यार्थ्यांचे नुकसान दोन प्रकारे होते. ज्यांच्याकडे साधन नाही त्यांचे शिक्षण तुटते. ज्यांच्याकडे आहे त्यांचे लक्ष तुटते. २०२० च्या जूनमध्ये, करोनामुळे शाळा बंद असताना, कर्नाटक सरकारने लहान मुलांचे ऑनलाइन वर्ग थांबवले. ८ जुलैला उच्च न्यायालयाने शिक्षणाच्या मूलभूत हक्काचा आधार घेत त्या आदेशांना स्थगिती दिली. कोवळ्या वयाला पडदा सोसत नाही, ही काळजी खरी होती आणि शिक्षण थांबता कामा नये, हा आग्रहही खरा होता. म्हणून सरसकट बंदी हे उत्तर ठरत नाही.

मोकळीक हेही उत्तर नाही. ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेत तर तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारे खास क्लिनिक २०१४ पासूनच चालू आहे.

लक्ष कसे राखले जाते, हे वाचनालयात दिसते. बेंगळुरूच्याच बसवनगुडी परिसरात १९४५ साली दोन संस्था उभ्या राहिल्या: डी. व्ही. गुंडप्पा यांनी नामदार गोखल्यांच्या नावाने काढलेली ‘गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स’ आणि बी. पी. वाडिया यांची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर’. ग्रंथालय आणि व्याख्याने हा दोन्हींचा प्राण. वाचनालयाची शिस्त, शांतता आणि समोरचे एकच पुस्तक वाचकाचे लक्ष राखतात. फोनवर मात्र धडा, खेळ आणि गप्पा एकाच पडद्यावर असतात आणि दर मिनिटाला मोह नाकारण्याचे काम एकट्या मुलावर पडते. मोठ्यांनाही न जमणारा संयम मुलाकडून मागायचा आणि तो सुटला की त्यालाच दोष द्यायचा, हा अन्याय आहे.

साधन देणाऱ्यानेच मर्यादेची जबाबदारी घेणे न्यायाचे. लहान वयात हाताने लिहिणे आणि मोठ्याने वाचणे यांना अग्रक्रम हवा. पुढे फोन द्यायचा तर काम आणि वेळ आधी ठरावी आणि अभ्यासाच्या वेळी घरातल्या मोठ्यांचे फोनही बाजूला राहावेत. घरात एकच फोन असलेल्या मुलाचा गृहपाठ त्या फोनवर अडणार नाही, हे शाळेने पाहावे.