टोपली आणि तिची कथा
शास्त्रपाठ: अनुवाद २६:१-११



कापणीच्या सणाला उपासनामंदिरांत जोंधळ्याचीं कणसें व भुईमुगाच्या शेंगा यांच्या शेजारीं कोणी तरी एक मोठा तांबडा भोपळा आणून ठेवतोच. आज त्या भोपळ्याविषयींच चार शब्द बोलण्याचें आम्ही योजिलें आहे.

त्याचें कुळ अमेरिका खंडांतलें. पोर्तुगीजांच्या काळांत तो समुद्रमार्गें इकडे आला. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांना ज्यांनीं सुवार्ता सांगितली ते मिशनरीही त्याच खंडांतले. त्यांतील पहिले १८१३ सालीं मुंबईस उतरले. त्यांना पाठविणाऱ्या मंडळाचें ठाणें बोस्टन शहरीं होतें. त्या मुलखांत शरदऋतूंत भाजलेला भोपळा पानावर असतो. त्याला तेथें 'हिंवाळी भोपळा' म्हणतात. तो पिकतो शरदांत, पण कठीण सालीमुळें थंडीभर टिकतो, म्हणून हें नांव. सुगरण तो उभा चिरून दोन फांका करिते, बिया काढिते, पोकळींत सफरचंदाच्या फोडी व क्रॅनबेरी नांवाचीं लहान, आंबट, तांबडीं फळें भरिते, वर लोणी आणि मॅपल झाडाचा आटविलेला गोड रस घालते, व कडा तांबूस होईपर्यंत भट्टींत भाजते. नोव्हेंबरांतील उपकारस्तुतीच्या सणाला हें तोंडीलावणें पुष्कळ घरीं असतें.

ह्या एका पदार्थांत दोन लोकांचे हात आहेत. सफरचंद युरोपांतून गेलेल्यांनीं लावलें. भोपळा, क्रॅनबेरी व मॅपलचा रस हीं तेथील मूळच्या लोकांचीं. ते मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावीत: मक्याच्या ताटावर घेवडा चढे, आणि भोपळ्याचीं रुंद पानें जमीन झांकून ओल राखीत.

१६२० सालीं सुमारें शंभर इंग्रज प्रवासी प्लिमथच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांत धर्माकरितां घरदार सोडलेलीं कुटुंबें होतीं. पहिल्याच हिंवाळ्यांत निम्मे मेले. वसंतांत टिस्क्वांटम नांवाचा त्या भूमीचा मनुष्य त्यांच्याकडे आला. त्याला १६१४ सालीं एका इंग्रज कप्तानानें पळवून स्पेन देशीं विकावयास नेलें होतें; परत येऊन पाहतो तों त्याचें सारें गांव रोगानें ओस पडलेलें! अशा मनुष्यानें इंग्रजांना, माशाचें खत घालून मका कसा लावावा, हें शिकविलें. १६२१ च्या कापणीनंतर तीन दिवस मेजवानी झाली. वांपानोआग लोकांचा नायक मॅसासॉइट सुमारें ९० माणसांसह आला, व त्यांनीं पांच हरणें आणलीं. (त्या पंगतींत भोपळा होता असें कोणी लिहून ठेविलेलें नाहीं.)

पुढें इंग्रजांची वस्ती वाढली, मूळच्या लोकांच्या जमिनी गेल्या, आणि १६७५ सालीं युद्ध पेटलें. १६७६ च्या ऑगस्टांत मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम मारला गेला. त्याचें शिर प्लिमथास आणलें, तो दिवस तेथें उपकारस्तुतीचा म्हणून नेमिलेला होता! तें शिर कित्येक वर्षें खांबावर राहिलें. बंधूंनो, हीं माणसें शास्त्र वाचणारीं होतीं, गुडघे टेकून प्रार्थना करणारीं होतीं. वांपानोआग लोक आजही त्या प्रांतांत आहेत; १९७० पासून त्या सणाच्या दिवशीं मूळचे लोक प्लिमथ येथें जमून शोक पाळतात.

आतां शास्त्रपाठाकडे वळूं. मोशे सांगतो कीं प्रथमफळाची टोपली आणणाऱ्यानें ती नुसती ठेवून परत जाऊं नये. आपला पूर्वज भटका होता, आपण मिसरांत दास होतों, ही कथा त्यानें तेथें तोंडानें सांगावी. मग आनंद करावा, पण एकट्यानें नव्हे. लेवी व आपल्यामध्यें राहणारा उपरी यांच्यासह. प्लिमथच्या लोकांची टोपली भरलेली होती. कथेंतून मात्र पंचावन्न वर्षांत घांस देणारे हात गळून गेले. आणि त्या देशांत उपरी कोण होते? ते स्वतःच.

आपल्या गांवीं काय आहे? दुष्काळांत ज्या शेजाऱ्यानें बियाणें उसनें दिलें, ज्याच्या बैलांनीं आपली पेरणी झाली, मूल तापानें फणफणलें असतां ज्या म्हातारीनें काढा करून दिला, तीं माणसें पुष्कळदां आपल्या मंडळींतलीं नसतात. बाप्तिस्म्यानंतर त्यांना 'बाहेरचे' म्हणण्याची संवय जिभेला लागते. आम्हांस तो शब्द आवडत नाहीं.

उपदेशक बंधूंस आमची विनंती कीं यंदा सणाच्या वस्तूंचा लिलाव पुकारण्यापूर्वीं प्रत्येक घराला विचारावें: हें पीक कोणाच्या मदतीनें उभें राहिलें? उत्तर मंडळीसमोर नांवानिशीं सांगूं द्यावें. बियाण्याचें देणें राहिलें असेल तर तेंही सांगावें, व फेडावें. दोन भोपळे लिलावांतून राखून ठेवावे. क्रॅनबेरी आपल्याकडे नाहीं, तिची गरजही नाहीं. पेरूच्या फोडी चालतात. (पेरूही मूळचा अमेरिकेचाच.) फांकेच्या पोकळींत पेरू, थोडा गूळ व तूप घालून ती जाड बुडाच्या भांड्यांत ठेवावी, झांकणावर निखारे घालावे, व मंद विस्तवावर गर मऊ होईपर्यंत भाजावी. ज्यांचीं नांवें सांगितलीं त्यांना पंगतीस बोलवावें. आपल्या हातचें खाण्यास कोणी संकोच करील तर रागावूं नये. त्याच्या दारीं न चिरलेला, अखंड भोपळा नेऊन द्यावा. चिरलेल्याच्या बिया धुऊन, राखेंत घोळून वाळवाव्या, आणि पुढच्या पावसाआधीं त्याच घरीं पोंचत्या कराव्या.